मायलेजच्या वहीतून आलेख आणि माहितीचं विश्लेषण: वर्गात कसं शिकवावं

आलेखाचा धडा संपतो तेव्हा मुलांना अक्ष आखता येतात, प्रमाण लिहिता येतं, बिंदूही बरोबर जागी पडतात. पण "मग या आलेखातून काय कळलं?" असं विचारलं की वर्ग गप्प. यात मुलांचा दोष कमीच. उदाहरणातली माहिती घासूनपुसून दिलेली असते, बिंदू ठरल्याप्रमाणे रेषेवर बसतात आणि शंका घ्यायला जागाच उरत नाही.

गाडीचं मायलेज या कामाला फार सोयीचं, कारण ते थेट मोजता येत नाही. किती किलोमीटर गेलो आणि किती इंधन लागलं, हे दोन आकडे मोजायचे आणि भागाकार करायचा. दोन्ही मोजमापांत थोडी थोडी चूक असते आणि भागाकारात ती मिसळते. शिवाय अमुक गाडी जास्त ॲव्हरेज देते, तमुक गाडी पेट्रोल पिते, असं प्रत्येकाचं आधीच ठाम मत असतं. विश्लेषण शिकवायला ठाम मतं आणि खडबडीत आकडे एवढं भांडवल पुरेसं आहे.

पुढचा क्रम गुणोत्तर आणि भागाकार पक्के झालेल्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण सातवी-आठवीपासून. पायरी ८ आणि ९ मोठ्या वर्गांसाठी ठेवाव्यात.

पायरी १: आकड्यांआधी अंदाज

पहिल्या तासाला आकडे देऊच नका. कोरा कागद द्या आणि आडव्या अक्षावर गाडीचं वजन, उभ्या अक्षावर मायलेज घेऊन आलेख कसा दिसेल ते नुसत्या हाताने काढायला सांगा. खाली एक वाक्य: "मला असं वाटतं, कारण…" मग दुसरा आलेख, वेग आणि मायलेज यांचा. इथे वर्गात दोन तट पडतात. वेग वाढला की मायलेज कमी होतं असं काही जण म्हणतात. वाहतूक कोंडीत रांगणारी गाडीही इंधन खातेच की, असं बाकीचे म्हणतात. दोघांचंही खरं आहे. अगदी कमी वेगात इंजिन चालू ठेवण्यातच बरंच इंधन जातं. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे हा आलेख मध्ये कुठेतरी उंच आणि दोन्हीकडे उतरता येतो. हा प्रयोग रस्त्यावर करून पाहायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

हे कागद जपून ठेवा. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

पायरी २: वही कशी ठेवायची

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, ओडोमीटरचा आकडा, भरलेलं इंधन, टाकी फुल झाली का, आणि शेरा. शेवटचा रकाना मुलं रिकामा सोडतात आणि पुढे सगळं त्याच्यावरच अडतं. म्हणून तो सक्तीचा करा. "शहरात, एसी चालू", "महामार्ग, चार जण", "टायरमध्ये हवा भरली" एवढं लिहिलं तरी चालेल. नोंद गाडी थांबवून इंधन भरल्यावर करायची.

पद्धत फुल ते फुल. टाकी फुल भरायची, म्हणजे पंपाचं नोजल आपोआप बंद पडेपर्यंत, ओडोमीटर लिहायचा, गाडी वापरायची, पुन्हा तशीच फुल भरायची. आज जितकं इंधन मावलं तितकंच मागच्या भरण्यापासून खर्च झालं. इथे बहुतेक मुलं हमखास अडखळतात. आज भरलेलं इंधन पुढच्या प्रवासाचं आहे असं त्यांना वाटतं, हिशोबात मात्र ते मागच्या अंतरासाठी धरायचं असतं. फळ्यावर टाकीचं चित्र काढून, रिकामा भाग रंगवून दाखवल्याशिवाय हे डोक्यात उतरत नाही. याच कारणाने पहिल्या वेळी किती लिटर भरलं ते हिशोबात येत नाही. तेव्हाचा फक्त ओडोमीटर लागतो. मध्ये कधी अर्धवट टाकी भरली असेल, तर ते इंधन पुढच्या फुल टाकीत मिळवायचं आणि दोन्ही टप्प्यांची मिळून एकच ओळ करायची.

प्रत्येक घरी गाडी असेलच असं नाही. म्हणून घरोघरच्या वह्या मागवण्यापेक्षा वर्गाने मिळून दोन-तीनच वह्या घ्याव्यात आणि गटांत वाटाव्यात. तुलनाही त्यामुळे सोपी जाते. विजेवरची गाडी असेल तर लिटरच्या जागी युनिट धरा, बाकी रीत तीच.

पायरी ३: एक वही जवळून

खालची नोंद सरावासाठी तयार केली आहे. सुरुवातीला टाकी फुल, ओडोमीटर २४,३१०.

| क्र. | ओडोमीटर | अंतर (किमी) | इंधन (लिटर) | किमी प्रति लिटर | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| १ | २४,७२२ | ४१२ | २६.१ | १५.७९ | शहर |
| २ | २५,११८ | ३९६ | २४.६ | १६.१० | शहर |
| ३ | २५,५४० | ४२२ | २५.४ | १६.६१ | मिश्र |
| ४ | २५,९०५ | ३६५ | २७.८ | १३.१३ | शहर. नोजल बंद पडल्यावरही भरत राहिले |
| ५ | २६,३२२ | ४१७ | २२.९ | १८.२१ | शहर |
| ६ | २६,७०० | ३७८ | २३.८ | १५.८८ | शहर |
| ७ | २७,१३१ | ४३१ | २३.५ | १८.३४ | बहुतेक महामार्ग |
| ८ | २७,५०८ | ३७७ | २५.९ | १४.५६ | शहर, एसी, कोंडी |

वर्गात देताना शेऱ्याचा रकाना झाकून ठेवा आणि भागाकार मुलांकडून करून घ्या. दशांशानंतर किती आकडे ठेवायचे, हा वाद इथेच होऊ द्या. टाकी "फुल" होण्यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. पंचवीस लिटरमागे एक लिटर म्हणजे ४ टक्के, म्हणजे मायलेजमध्ये सुमारे ०.६ चा फरक. मग कॅलक्युलेटरवरच्या १५.७८५४४ मधले शेवटचे आकडे कशाच्या जोरावर लिहायचे? तक्त्यातले दोन दशांश मी पडताळणीसाठी ठेवले आहेत. आलेखात एक पुरतो.

पायरी ४: पहिला आलेख, आणि त्यातली पहिली फसगत

आडव्या अक्षावर भरण्याचा क्रमांक, उभ्या अक्षावर मायलेज. मुलं लगेच बिंदू रेषेने जोडतात. त्यांना विचारा, तिसऱ्या आणि चौथ्या भरण्याच्या मधोमध रेषेवर जो बिंदू आहे, तो कोणत्या प्रवासाचा? असा प्रवासच नाही. इथे स्तंभ किंवा सुटे बिंदू योग्य.

आता वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने उभा अक्ष शून्यापासून घ्यायचा, दुसऱ्याने १२ पासून. दुसऱ्यांच्या आलेखात सातव्या क्रमांकाचा स्तंभ चौथ्याच्या साडेपाचपट उंच दिसेल, कारण तिथे उंची ६.३४ आणि १.१३ अशी पडते. खरं गुणोत्तर १.४ आहे. दोन्ही कागद फळ्यावर शेजारी लावले की वेगळं काही समजवावं लागत नाही. स्तंभालेखात स्तंभाची लांबी बोलते, म्हणून अक्ष शून्यापासूनच घ्यायचा. सुट्या बिंदूंच्या आलेखात जागा बोलते, तिथे १२ पासून सुरुवात चालते, फक्त अक्षावर तशी खूण हवी.

मग खरी गंमत. चौथं मायलेज फार कमी आणि पाचवं फार जास्त. सातवं फार जास्त आणि आठवं फार कमी. आलेखात दोन्ही जोड्या सारख्याच संशयास्पद दिसतात. टाकी जरा जास्त भरली की त्या ओळीत मायलेज पडतं आणि पुढच्या ओळीत तितकंच उसळतं. कमी भरली तर उलट. म्हणजे दोन्ही ठिकाणी भरण्याचीच गडबड? आता शेऱ्याचा रकाना उघडा. चौथ्या वेळी नोजल बंद पडल्यावरही भरत राहिले होते आणि पाचव्या वेळी वाहन चालवण्यात काहीच वेगळं नव्हतं. सातव्या वेळी मात्र गाडी खरोखरच महामार्गावर होती आणि आठव्या वेळी कोंडीत. दिसायला एकसारखा चढउतार, एकीकडे मोजमापातली चूक आणि दुसरीकडे रस्त्याचा परिणाम. नुसता आलेख पाहून हे ठरवता आलं नसतं. या उपक्रमातलं हे सगळ्यात मोलाचं वळण आहे, इथे घाई करू नका.

चौथी ओळ चुकीची म्हणून खोडून टाकावी का, असं कुणीतरी विचारेलच. खोडायची नाही. चौथी आणि पाचवी एकत्र करायची: ७८२ किमी, ५०.७ लिटर, म्हणजे १५.४. जास्त भरलेलं इंधन पाचव्या ओळीत वापरलं गेलंच आहे. नुसती चौथी काढून पाचवी ठेवली तर गाडीला फुकटचं मायलेज मिळतं.

पायरी ५: बेरीज करत जाणारा आलेख

पाठ्यपुस्तकात हा सहसा नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात शिकवणारा. प्रत्येक ओळीपर्यंतचं एकूण इंधन आडव्या अक्षावर आणि एकूण अंतर उभ्या अक्षावर घ्या. बिंदू असे येतील: (०, ०), (२६.१, ४१२), (५०.७, ८०८), (७६.१, १२३०), (१०३.९, १५९५), (१२६.८, २०१२), (१५०.६, २३९०), (१७४.१, २८२१), (२००.०, ३१९८).

प्रमाण आडवं १ सेमी = १० लिटर, उभं १ सेमी = २०० किमी. आलेख २० सेमी रुंद आणि १६ सेमी उंच होतो, म्हणजे नेहमीच्या आलेख कागदावर आडवा धरून बसतो. पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडा. रेषेचा चढ ३१९८ ÷ २०० = १५.९९. चढ म्हणजेच मायलेज, एकक "किमी प्रति लिटर". चढाला एकक असतं हे बऱ्याच मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं.

आधीच्या आलेखात आकडे उड्या मारत होते. इथे तेच बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात. चौथा बिंदू रेषेच्या सुमारे तीन मिलिमीटर खाली घसरतो आणि पाचवा लगेच रेषेजवळ परततो. टाकी भरण्यातली चूक एका बिंदूपुरती राहते, पुढे साठत जात नाही. मायलेज खरोखर बिघडलं असतं, समजा टायरमधली हवा कमी राहिली असती, तर त्या बिंदूपासून चढच बदलला असता आणि रेषा मोडल्यासारखी दिसली असती. "रेषेवरून ढळलेला बिंदू" आणि "वळलेली रेषा" यांतला फरक मुलांच्या नजरेत बसेपर्यंत दोन-तीन वह्या अशाच काढून घ्या.

एक चूक मात्र या आलेखातही दिसत नाही. टायर झिजला की चाकाचा घेर घटतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि ओडोमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त अंतर दाखवतो. ही चूक प्रत्येक ओळीत एकाच दिशेने होते. कितीही ओळी मिळवा, ती कमी होत नाही. ती पकडायला बाहेरचं माप हवं, उदाहरणार्थ रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड.

पायरी ६: सरासरी कोणती?

तक्त्यातल्या आठ मायलेजांची बेरीज करून आठने भागलं तर १६.०८ येतं. एकूण अंतराला एकूण इंधनाने भागलं तर १५.९९. फरक किरकोळ, पण का पडला हे विचारायलाच हवं. मध्यकही योगायोगाने १५.९९ येतो, दुसऱ्या वहीत तसं होईलच असं नाही.

फरक ठळक करायला सोपं उदाहरण द्या. १०० किमी घाटातून, मायलेज १०. परतीचे १०० किमी सपाटीवर, मायलेज २०. वर्ग एका सुरात "१५" म्हणेल. आता लिटर मोजा: १० आणि ५, एकूण १५ लिटरमध्ये २०० किमी, म्हणजे १३.३. घाटात इंधन जास्त गेलं, म्हणून त्या भागाचं वजनही हिशोबात जास्त. मोठ्या वर्गात इथेच हरात्मक मध्य, म्हणजे व्यस्त संख्यांच्या सरासरीची व्यस्त संख्या, शिकवून टाका. यापेक्षा नैसर्गिक जागा त्याला क्वचितच मिळते.

पायरी ७: भागाकार उलटा करून बघा

युरोपातल्या बहुतेक देशांत मायलेज सांगायची रीत उलटी आहे: १०० किमीला किती लिटर. मुलांना १०० ÷ मायलेज असा तक्ता करू द्या: ५ ला २०, १० ला १०, १५ ला ६.७, २० ला ५, २५ ला ४, ३० ला ३.३. हे बिंदू रेषेत येत नाहीत. वक्र आधी धाडकन खाली येतो आणि मग जवळजवळ आडवा होतो.

या वक्रावर एक प्रश्न टाका. दोन गाड्या वर्षाला प्रत्येकी १०,००० किमी धावतात. एकीचं मायलेज १० वरून १२ केलं, दुसरीचं २० वरून ३० केलं. इंधन कुठे जास्त वाचलं? आधी हात वर करून मतं घ्या, मग हिशोब. पहिली १,००० लिटरवरून ८३३ वर आली, दुसरी ५०० वरून ३३३ वर. बचत दोन्हीकडे १६७ लिटर. फक्त २ ची वाढ आणि चक्क १० ची वाढ, दोन्ही सारख्याच.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की मोठी माणसंही इथे सर्रास फसतात. तिथे मायलेज मैल प्रति गॅलन असं सांगतात. २०१३ च्या मॉडेलांपासून नव्या गाड्यांच्या लेबलवर १०० मैलांना किती गॅलन हेही छापलं जातं. वर्गाला सांगायचं ते इतकंच की दोन्ही राशी बरोबर आहेत, पण इंधन किती वाचेल हा प्रश्न असेल तर अक्षावर लिटर घ्यावेत.

पायरी ८: अनेक गाड्या एकाच कागदावर

एका गाडीची वही झाली की वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करायची. वर्गासाठी तयार माहितीसंच भरपूर आहेत. सगळ्यात हाताळायला सोपा 'एमटीकार्स'. तो 'आर' या मोफत संगणकप्रणालीबरोबरच येतो. त्यात १९७३-७४ च्या ३२ गाड्या आहेत. माहिती 'मोटर ट्रेंड' मासिकाच्या १९७४ च्या अंकातली. वजन हजार पौंडांत आणि मायलेज मैल प्रति गॅलनमध्ये आहे, त्यामुळे एकक बदलण्याचा सरावही आपसूक होतो: १ पौंड म्हणजे ०.४५४ किलो, आणि १ मैल प्रति अमेरिकी गॅलन म्हणजे ०.४२५ किमी प्रति लिटर. गॅलन अमेरिकी की ब्रिटिश, हे विसरू नका, अमेरिकी ३.७९ लिटरचा, ब्रिटिश ४.५५ चा.

३२ बिंदू हाताने काढायला एक तास पुरतो. संगणक लगेच उघडू नका. टोयोटा कोरोला ८३२ किलो आणि १४.४ किमी प्रति लिटर, डाव्या वरच्या कोपऱ्यात. लिंकन कॉन्टिनेन्टल २,४६० किलो आणि ४.४, उजव्या खालच्या. मधले ठिपके या दोघांमध्ये उतरते पसरतात. आता प्रत्येक गटाने पारदर्शक पट्टी ठेवून नजरेने रेषा काढावी, दोन्ही बाजूंना साधारण सारखे बिंदू ठेवून. प्रत्येक गटाचा चढ थोडा वेगळा येईल, ते सगळे फळ्यावर लिहा. मग संगणकाने काढलेली रेषा दाखवा: वजनात १०० किलो वाढ झाली की मायलेज साधारण ०.५ ने कमी.

आता रेषा उजवीकडे ताणा. सुमारे ३,१६५ किलोवर ती आडव्या अक्षाला टेकते, म्हणजे एवढ्या वजनाच्या गाडीचं मायलेज शून्य! भरलेला ट्रक याच्या कितीतरी पट जड असतो आणि धावतोही. रेषा जिथवर बिंदू आहेत तिथवरचीच, हे सांगायला इतका चोख पुरावा दुसरा मिळणार नाही. पायरी १ चे कागद आता परत द्या आणि आपला अंदाज कुठे चुकला ते प्रत्येकाला स्वतः लिहू द्या.

पायरी ९: कारण की नुसती सोबत?

याच संचात ऑटोमॅटिक गिअरच्या १९ गाड्यांचं सरासरी मायलेज ७.३ येतं आणि हाताने गिअर बदलायच्या १३ गाड्यांचं १०.४. म्हणजे ऑटोमॅटिक गिअर इंधन खातो? वर्ग मान डोलावेल. मग विखुरलेल्या बिंदूंना दोन रंग द्यायला सांगा. ऑटोमॅटिकचे ठिपके जड बाजूला गर्दी करतात, दुसरे हलक्या बाजूला. सरासरी वजनं १,७१० आणि १,०९४ किलो. वजनाचा परिणाम वेगळा काढला की गिअरमुळे पडणारा फरक या ३२ गाड्यांत जवळजवळ शून्यावर येतो. स्तंभालेखाने जे ठासून सांगितलं होतं ते रंगीत ठिपक्यांनी मोडून काढलं. दहावीपर्यंतच्या मुलांना सूत्र देऊ नका, रंग पुरतात.

पुढे जायचं असेल तर 'ऑटो एमपीजी' हा संच घ्या. १९७० ते १९८२ च्या मॉडेलांच्या ३९८ ओळी, आणि त्यातल्या सहा गाड्यांची अश्वशक्ती नोंदलेलीच नाही. त्या सहा ओळींचं काय करायचं, हा प्रश्न गटांना देऊन टाका. कुणी शून्य भरेल. तसं केल्यावर आलेखात अक्षाला चिकटलेले सहा ठिपके कसे दिसतात ते त्यांचं त्यांना बघू द्या. इतक्या ओळी हाताने काढण्यात अर्थ नाही. इथे मात्र स्प्रेडशीटच हवी.

तपासताना

नीटनेटक्या आलेखाला अर्धेच गुण ठेवा. उरलेले अर्धे अशा प्रश्नांना:

वरच्या वहीत नवव्या वेळी २४.५ लिटर भरलं, तर मध्ये किती अंतर कापलं असेल? नुसतं "३९२ किमी" लिहिणाऱ्याला एक गुण. "३९२ च्या आसपास, पण याच वहीतली मायलेजं १३.१ ते १८.३ आहेत, म्हणून ३२० ते ४५० मध्ये काहीही" असं लिहिणाऱ्याला पूर्ण.

टायर बदलल्यावर मायलेज वाढलं असा दावा एकाने केला. पुरावा म्हणून बदलाआधीची एक आणि नंतरची एक अशा दोन ओळी दिल्या. तुम्ही आणखी कोणती माहिती मागाल, आणि कोणता आलेख काढाल? इथे बेरीज करत जाणारा आलेख आणि शेऱ्याचा रकाना, दोन्हींचा उल्लेख आला पाहिजे. नव्या टायरवर ओडोमीटरच कमी अंतर दाखवेल, मग वाढ दिसली कशी, असं एखाद्याने विचारलं तर त्याला ठरलेल्या गुणांपेक्षा एक जास्त द्या आणि तो मुद्दा पुढच्या तासाला वर्गासमोर मांडायला लावा.